विहिरीतलं पोहणं आणि टँकमधल्या फेऱ्या

वाचकाचं पत्र:

स. न. वि. वि. मी भुसावळचा, वय ४८. यावल तालुक्यातल्या आमच्या गावी लहानपणी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. उंचावरून उड्या मारायचो, तासन्‌तास पाण्यात असायचो. आता शुगर बॉर्डरच्या थोडी वर गेली म्हणून डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि रोज चालायला सांगितलं. चाललं की गुडघे दुखतात, म्हणून सकाळी सहाची टँकची बॅच लावली. टँक २५ मीटरचा आहे. दोन फेऱ्यांतच मला धाप लागते. मान आखडते, गॉगलवर वाफ धरते, डोळे चुरचुरतात. पहिला आठवडा उत्साहात गेला. आता चौथा आठवडा चालू आहे आणि आठवड्यातून दोनदा काहीतरी कारण काढून दांडी मारतो. नुसतं इकडून तिकडे, तिकडून इकडे, याचा कंटाळा येतो. पोहायला येत असूनही असं का होतं, आणि मन कसं लावायचं?
– एक वाचक, भुसावळ

भाऊ, नमस्कार.

फेऱ्यांचा कंटाळा येतो असं तुम्ही शेवटी लिहिलंत. पण धाप, मान, वाफ आणि डोळे हे सगळं त्याआधी लिहिलंत, आणि खरा क्रमही तोच आहे. ज्या पाण्यात श्वास पुरत नाही, समोरचं दिसत नाही आणि बाहेर आल्यावर मान धरते, तिथे पहाटे उठून जायला कुणाचं मन घेईल? तेव्हा मन लावायचं कसं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. आधी पाण्यात आराम वाटला पाहिजे. तो वाटू लागला की अर्धा कंटाळा आपोआप जातो. उरलेल्या अर्ध्यासाठी काय करायचं तेही पुढे सांगतो.

पोहायला येत असूनही असं का होतं? कारण विहिरीतलं पोहणं वेगळं आणि टँकमधलं वेगळं. विहीर पंचवीस-तीस फूट रुंद असते, तिथे अंतर कापायचंच नसतं. उडी मारायची, वर यायचं, डोकं पाण्याबाहेर ठेवून पायरी गाठायची. वरून दुसरा उडी मारतो आहे का हे बघायला डोकं वरच लागतं. म्हणजे विहिरीने तुम्हाला तरंगायला शिकवलं, आणि ते शिक्षण मोलाचं आहे, कारण पाण्याची भीती तुमच्यात नाही. टँकमध्ये मात्र २५ मीटर सरळ जायचं असतं. डोकं वर धरलं की पाण्यात कंबर आणि पाय खाली जातात, शरीर आडवं न राहता तिरकं होतं आणि प्रत्येक हातागणिक तुम्ही अंगासमोरचं पाणी ढकलत राहता. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. तेवढं वजन पाणी फुकट उचलायला तयार असताना तुमची मान ते उचलून धरते. मान आखडण्याचं आणि दोन फेऱ्यांत थकण्याचं कारण हे एकच आहे.

म्हणून पहिला बदल डोक्याचा. फ्रीस्टाइल करताना, म्हणजे पालथं राहून एकेक हात पुढे टाकत पोहताना, नजर तळाच्या काळ्या पट्टीवर, आपल्यापुढे एक-दीड मीटरवर ठेवा. समोरच्या भिंतीकडे बघू नका. पट्टी सरळ जाते आहे तोवर तुम्हीही सरळच जाता आहात. श्वास घेताना डोकं वर काढायचं नाही. खांदा आणि कंबर एकत्र वळतात, त्यांच्यासोबत डोकं कुशीवर वळू द्यायचं. गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर राहिली तर वळणं बरोबर झालं. दोन्ही काचा बाहेर आल्या की मान उचलली गेली असं समजा. जाताना उजवीकडून श्वास घेतलात तर येताना डावीकडून घ्या. नाहीतर महिन्याभरात मानेची एकच बाजू दुखू लागते.

आता धाप. पाण्याखाली श्वास धरून ठेवायचा आणि तोंड बाहेर आलं की सोडणं-घेणं दोन्ही उरकायचं, असं विहिरीतून आलेले बहुतेक जण करतात. तोंड बाहेर असतं जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात फुफ्फुस नीट रिकामं होत नाही, मग आत ताजी हवा येते ती अपुरी. छातीत गुदमरल्यासारखं होतं ते सहसा प्राणवायू संपल्यामुळे नसतं, आत कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे असतं. म्हणजे इलाज जास्त हवा आत घेण्यात नाही, आतली हवा वेळेवर बाहेर टाकण्यात आहे.

हे शिकायला पोहायची गरजच नाही. छातीइतक्या पाण्यात उभे राहा. तोंडाने श्वास घ्या, डोकं पूर्ण पाण्यात न्या आणि भ्रामरी प्राणायामात काढतो तसा ‘म्म्म’ असा आवाज नाकातून काढत तीन-चार सेकंद बुडबुडे सोडा. आवाज चालू असेपर्यंत नाकात पाणी शिरत नाही. वर या, फक्त श्वास घ्या, लगेच पुन्हा खाली जा. न थांबता असं २० वेळा करा. सातव्या-आठव्या वेळेला धाप लागली तर तुम्ही बुडबुडे पूर्ण सोडत नाही आहात. वीसही शांतपणे झाले की टँकची कड दोन्ही हातांनी धरा, आडवे व्हा, हलके पाय मारत कुशीवर वळून श्वास घ्या, प्रत्येक बाजूला १०. पहिले दोन आठवडे रोजच्या बॅचमधली पहिली दहा मिनिटं यालाच द्या. शेजारची मुलं सपासप फेऱ्या मारत असताना कडेला उभं राहून बुडबुडे सोडायला अवघड वाटेल. पण सगळ्यात जास्त फरक याच दहा मिनिटांनी पडतो, ती वगळू नका.

पायांचंही तसंच. मांड्यांचे स्नायू शरीरात मोठे, ते जोरात चालले की सगळी हवा तेच खातात. तंदुरुस्तीसाठी पोहणाऱ्याने पाय फक्त शरीर आडवं राहण्यापुरते हलवावेत, कंबरेतून, घोटे सैल सोडून. पाय खालीच जात असतील तर टँकवर पुलबॉय, म्हणजे पाण्यावर तरंगणारा फोमचा ठोकळा, मिळतो का विचारा. तो मांड्यांमध्ये धरला की पाय आपोआप वर राहतात आणि लक्ष श्वासावर देता येतं. पण दोन-चार फेऱ्यांपुरताच वापरा, नाहीतर त्याचीच सवय लागते.

तुमच्या गुडघ्यांबद्दल इथेच सांगितलं पाहिजे. विहिरीत शिकलेल्यांचे पाय बेडकासारखे चालतात, म्हणजे तो ब्रेस्टस्ट्रोकच. त्यात गुडघा वाकलेला असताना पाय बाहेर फिरतो आणि जोराने मिटतो, तो ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या बंधावर येतो. दुखऱ्या गुडघ्याला तो चालत नाही. तेव्हा ब्रेस्टस्ट्रोक सध्या बंदच ठेवा. दमलात की बॅकस्ट्रोक करा, म्हणजे पाठीवर पोहा. तोंड बाहेर असल्याने श्वास मोकळा राहतो आणि मानेलाही विश्रांती मिळते. छताची पट्टी किंवा कडेचा दोर बघत राहा, म्हणजे भिंतीवर डोकं आपटणार नाही.

हात पाण्यात घालताना भुसावळकराने रूळ आठवावेत. डावा हात डाव्या रुळावर, उजवा उजव्या रुळावर. हात डोक्यासमोर येऊन मधली रेघ ओलांडू लागला की शरीर सापासारखं वळवळतं आणि खांदा दुखू लागतो. अंगठा आधी घालू नका, बोटांची टोकं आधी जाऊ द्या.

आता फेऱ्यांची आखणी. एकदा इकडून तिकडे म्हणजे २५ मीटर, ती आपण एक फेरी धरू. अशा ४० फेऱ्यांचा एक किलोमीटर होतो. तुम्ही आजवर जमेल तेवढं एका दमात ओढत होतात आणि थांबलं की हरल्यासारखं वाटत होतं. सराव करणारे पोहणारे तसं करत नाहीत. ते तुकडे पाडतात आणि मधली विश्रांती घड्याळ लावून घेतात. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, एकाआड एक. पहिल्या दोन आठवड्यांत श्वासाच्या सरावानंतर ८ फेऱ्या, प्रत्येकीनंतर ४० सेकंद थांबून. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १२ फेऱ्या ३० सेकंदांच्या विश्रांतीने, आणि शेवटी ५० मीटर दोनदा. पुढचे दोन आठवडे ५० मीटर आठ वेळा, मग ४ फेऱ्या बॅकस्ट्रोक. सातव्या-आठव्यात १०० मीटर चार वेळा आणि ५० मीटर चार वेळा. नवव्या-दहाव्यात १०० मीटर आठ वेळा. अकराव्या आठवड्यापासून १०० मीटर दहा वेळा, मध्ये २०-३० सेकंद थांबून. १०० मीटरला तीन मिनिटं लागली तरी हा किलोमीटर ३५ मिनिटांत संपतो, तुमच्या बॅचमध्ये आरामात बसतो.

वेग बरोबर आहे का हे तपासायची साधी खूण आहे. भिंतीला हात लागल्यावर एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. आलं नाही तर विश्रांती वाढवू नका, पुढची फेरी हळू मारा. पहिलीच फेरी जोरात मारणं ही सर्वांत मोठी चूक असते, कारण तेव्हा अंग ताजं असतं आणि हळू जाणं अवघड वाटतं.

पाण्यातल्या त्रासांत सर्वांत आधी गॉगल. डोळ्याजवळची हवा गरम आणि दमट, बाहेरची काच गार, म्हणून आत वाफ धरते. नव्या गॉगलच्या आत वाफ न धरण्यासाठी एक पातळ थर दिलेला असतो. बोटाने पुसला की तो गेलाच. जुन्या गॉगलमध्ये बेबी शाम्पूचा एक थेंब बोटाच्या टोकाने हलका पसरवा, पाण्यात एकदा बुचकळा आणि तसाच घाला. घेताना पट्टा न लावता काच डोळ्यावर दाबून सोडा. दोन-तीन सेकंद तिथेच चिकटून राहिली तर माप तुमचं. गळणारा गॉगल पट्टा आवळून दुरुस्त होत नाही, त्याने फक्त डोळ्यांभोवती वळ उठतात आणि डोकं दुखतं. आणि आपल्याकडच्या उन्हात गॉगल गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा आतली रबरी कड आणि तो थर दोन्ही खराब होतात.

डोळे चुरचुरतात त्याचा दोष लोक जास्त क्लोरीनला देतात. टँकवर येणारा तो उग्र वास बहुतेकदा क्लोरीनचा नसून क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो तयार होतो. मोकळं क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू (पीएच) ७.२ ते ७.८ असला तर पाणी डोळ्यांना सोसतं. ही नोंद टँकवर ठेवली जाते, बघायला मागा. उतरण्याआधी आणखी एक गोष्ट बघा: खोल बाजूच्या तळाच्या पट्ट्या काठावरून स्पष्ट दिसायला हव्यात. दिसत नसतील तर त्या दिवशी उतरू नका. बुडणारा माणूस जीवरक्षकालाही दिसणार नाही.

आणि आपल्या बाजूने, उतरण्याआधी साबण लावून मिनिटभर शॉवर घ्या. अंगाला, डोक्याला तेल चोपडून पाण्यात उतरायची गावाकडची पद्धत टँकमध्ये उलटी पडते. ते तेल क्लोरीन खातं आणि फिल्टरमध्ये अडकतं. केस आधी साध्या पाण्याने चिंब करा, मग कॅप घाला. भिजलेला केस टँकचं पाणी कमी शोषतो. तेल बाहेर आल्यावर, अंघोळ करून, त्वचा ओलसर असतानाच लावा. सुती चड्डी किंवा ढगळ बर्म्युडा पाणी पिऊन मागे ओढते. अंगाला बसणारी नायलॉन-पॉलिस्टरची ट्रंक घ्या आणि साध्या पाण्यात पिळून सावलीत वाळवा.

बाहेर आल्यावर कान कोरडे करा. डोकं एका बाजूला कलंडवून कानाची पाळी हलकी ओढा, पाणी बाहेर येतं. रुमालाचं टोक बाहेरच्या बाजूलाच फिरवा. आत काडी नको, कापसाची कांडी नको, लसूण कढवलेलं तेलही नको. कानाची पाळी ओढल्यावर दुखलं तर बाहेरच्या नळीला संसर्ग झाला आहे असं समजून कानाच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत पाण्यात उतरू नका.

पिंढरीत गोळा आला तर घाबरून पाय झाडू नका. दोर किंवा भिंत धरा, गुडघा सरळ करा आणि पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून धरा. पाण्यातही घाम येतो, फक्त जाणवत नाही. त्यामुळे काठावर पाण्याची बाटली हवीच, दर १०-१२ मिनिटांनी दोन घोट.

उन्हाळ्यात उघड्या टँकचं पाणी संध्याकाळपर्यंत कोमट होतं. फेऱ्यांना २६ ते २८ अंश पाणी सुखाचं. त्याहून बरंच गरम असलं की शरीरातली उष्णता बाहेर जात नाही आणि माणूस लवकर गळतो. तुमची सकाळची सहाची वेळ त्यासाठी उत्तम आहे, बदलू नका. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. तेव्हा काठावर हातपाय फिरवून अंग गरम करा आणि दोन फेऱ्यांमध्ये जास्त वेळ थांबू नका, थंडी भरते.

आता उरलेला अर्धा कंटाळा. डोक्याला काम नसलं की फेऱ्या रटाळ होतात, म्हणून प्रत्येक फेरीला काहीतरी मोजायला द्या. २५ मीटरला हात किती पडतात ते मोजा, दोन्ही हात धरून. नव्याने फ्रीस्टाइल करणाऱ्याचे २५-३० पडतात. त्यात सेकंद मिळवा. समजा हात २६ आणि वेळ ४४ सेकंद, तर आकडा ७०. जोर लावून वेळ कमी केला तर हात वाढतात, हात लांबवत राहिलं तर वेळ वाढतो. हा आकडा कमी करायचा तर दोन्ही सांभाळावे लागतात, आणि तेच चांगलं पोहणं. आठवड्यातून एका दिवशी फक्त हा खेळ खेळा. दुसरा दिवस अंतराचा. तिसऱ्या दिवशी चार फेऱ्या थोड्या जोरात आणि बाकी सावकाश.

फेऱ्यांचा हिशेब चुकतो ही सगळ्यांची तक्रार असते. गॉगलच्या डबीत १० चिंचोके ठेवा. चार फेऱ्या झाल्या की एक चिंचोका झाकणात टाका. डबी रिकामी झाली की किलोमीटर झाला.

घरी वहीत तारीख, फेऱ्या आणि तो आकडा लिहा. शेजारी एकूण अंतर मांडत जा. भुसावळ ते जळगाव रेल्वेने सुमारे २५ किलोमीटर. वर सांगितलेल्या आखणीने आठव्या आठवड्याच्या शेवटी तुमचे १० किलोमीटर होतात, तीन महिन्यांत २१, आणि चौदाव्या आठवड्यात तुम्ही पोहत जळगाव गाठलेलं असतं. वहीवरच गाठायचं बरं का. तापीत किंवा हतनूर धरणाच्या पाण्यात अंतर मोजायला जाऊ नका. तिथे तळ दिसत नाही, धरायला भिंत नाही आणि जीवरक्षक नाही.

दांडीसाठी एकच नियम पुरतो: टँकवर जायचं आणि चार फेऱ्या मारायच्या. त्यानंतरही नको वाटलं तर खुशाल घरी या, तो दिवस भरला असं धरा. बहुतेक दिवशी चार फेऱ्यांनंतर माणूस बाहेर येत नाही, कारण अडचण असते ती गार पाण्यात पहिलं पाऊल टाकायची. ट्रंक, टॉवेल, गॉगल, बाटली रात्रीच पिशवीत भरून दाराशी ठेवा. लग्नसराईत किंवा शेतीच्या कामात आठवडाभर खंड पडला तर जिथे थांबलात त्याच्या दोन आठवडे मागून सुरू करा.

वजनकाट्यावर रोज उभे राहू नका. गार पाण्यातून बाहेर आलं की भूक सणसणून लागते आणि त्या भुकेत शेवभाजीवरची तर्रीही सहज खाल्ली जाते. म्हणून टँकवर जाण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळं खा. आपल्या भागात त्याची काय कमी! आल्यावर भाकरी, उडदाची डाळ किंवा दोन अंडी असं पोटभरीचं खा. तुमचा खरा निकाल एचबीए-वन-सी या तपासणीत दिसेल. ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, म्हणून आज एकदा आणि बाराव्या आठवड्यानंतर एकदा करा.

गोळी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही. फक्त मेटफॉर्मिन असेल तर साखर अचानक खाली जाण्याचा धोका कमी. ग्लिमेपिराइड किंवा त्या गटातली दुसरी असेल तर तो धोका खरा आहे आणि पाण्यात जास्त. मग उपाशीपोटी अजिबात उतरू नका, पिशवीत साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा, कोचला सांगून ठेवा आणि पोहायच्या दिवशी गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. घाम फुटून हात थरथरले, डोकं हलकं झालं, तर फेरी अर्ध्यावर सोडून दोर धरा आणि मदतीला हाक मारा. छातीत दुखलं किंवा दडपलं तर पोहणं तिथेच थांबवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

महिन्याभराने पुन्हा लिहा. त्यात तीन गोष्टी कळवा: बुडबुड्यांचे सलग किती होतात, पहिल्या आणि शेवटच्या फेरीला हात किती पडतात, आणि मान कोणत्या बाजूला दुखते की थांबली. त्यावरून पुढच्या फेऱ्या ठरवू.